अडचण आली तर कुठलं दार? कोल्हापुरातल्या एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी.वाल्यांसाठी

विद्यापीठात विद्यार्थ्याला मदत मिळत नाही, अशी तक्रार कायम ऐकू येते. नीट पाहिलं तर बऱ्याचदा मदतीची सोय असते, पण ती मागितलेली असते चुकीच्या जागी, उशिरा आणि तोंडी. फेलोशिप अडकली की विभागप्रमुखांपुढे गाऱ्हाणं, झोप उडाली की औषधाच्या दुकानातून गोळी, गाईडशी बिनसलं की कॅन्टीनमध्ये चर्चा. या तिन्ही गोष्टींची दारं वेगळी आहेत. कुठल्या दारात काय घेऊन जायचं, हे आधी माहीत असलं की निम्मी पायपीट वाचते.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे चंदगड, आजरा, जत, माण इथून आलेली मुलं-मुली विद्यानगरच्या वसतिगृहात किंवा राजारामपुरी, सागरमाळ भागात खोली घेऊन राहतात. घर लांब, आणि घरच्यांना पीएच.डी. म्हणजे नेमकं काय चाललंय ते कळत नाही. म्हणून हे दरवाजे स्वतःच शोधावे लागतात.

पहिल्या महिन्यात उरकायचं

प्रवेश झाला की एक कागदी फाईल आणि तशीच एक मोबाईलमध्ये करा. त्यात प्रवेशपावती, ओळखपत्र, नोंदणीपत्र, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, आधार आणि रक्तगट हवेत. कायमची औषधं चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठीही ठेवा. पुढे कुठल्याही कार्यालयात यातलेच चार कागद मागतात.

मग एका दुपारी आवारात फिरून चार जागा डोळ्यांखालून घाला: आरोग्य केंद्र, विद्यार्थी विकास विभाग, वसतिगृह अधीक्षकांचं कार्यालय आणि मुख्य इमारतीतला आवक-जावक कक्ष. पीएच.डी.वाल्यांनी पाचवी जागा धरावी, पीएच.डी.चं कामकाज पाहणारा विभाग. प्रत्येक ठिकाणी वेळ आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घ्या. चक्कर येत असताना आरोग्य केंद्र दुपारी किती वाजता बंद होतं हे शोधत बसणं फार त्रासाचं.

संलग्न महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करणाऱ्यांचा इथे हमखास घोळ होतो. रोजच्या गोष्टी, म्हणजे प्रयोगशाळा, सुट्टी, महाविद्यालयातला छळ, यांची पहिली दाद महाविद्यालयाच्याच समितीकडे मागायची. नोंदणी, मुदतवाढ, गाईडबदल, प्रबंध सादर करणं हे मात्र विद्यापीठाकडे. अर्ज प्राचार्यांमार्फत पाठवायचा असला तरी एक आगाऊ प्रत विद्यापीठात देऊन ठेवावी. टेबलावर पडून राहिलेला अर्ज अशाने हलतो.

मन ठिकाणावर नसेल तर

सिनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या सारांशाच्या) आधी झोप न लागणं, मुलाखतीआधी पोटात गोळा येणं हे नेहमीचं. पण दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, जेवण किंवा झोप बिघडलीय, पुस्तक उघडून तासभर एकच पान समोर आहे, असं असेल तर थांबू नका. "व्हायवा झाला की बघू" म्हणून पुढे ढकललेल्या गोष्टीत सहा महिने सहज जातात.

आधी साध्या डॉक्टरकडे जा, म्हणजे आरोग्य केंद्रात. याला कारण आहे. थकवा, विसराळूपणा, चिडचिड यांमागे कमी हिमोग्लोबिन, थायरॉईड किंवा जीवनसत्त्व बी-१२ची कमतरता असू शकते. मेसचं जेवण, त्यात शाकाहार आणि चहावर काढलेले दिवस असले तर हे काही नवल नाही. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन), टीएसएच (थायरॉईड) आणि बी-१२ या तीन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. अहवाल चांगले आले आणि त्रास तसाच राहिला तर पुढची पायरी चढायची.

ती पायरी दोन प्रकारची आहे. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात, औषध देत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, औषध तेच लिहितात. नातं तुटलंय, गाईडची भीती वाटते, घरचा दबाव आहे, कामाला हात लागत नाही, अशा वेळी समुपदेशकापासून सुरुवात करावी. झोप पूर्ण उडालीय, जेवण सुटलंय, छातीत धडधडून जीव जाईल असं वाटतं, नसलेले आवाज ऐकू येतात किंवा मरणाचे विचार येतात, तर थेट मनोविकारतज्ज्ञ.

समुपदेशकाकडचं एक सत्र साधारण पाऊण तासाचं असतं. पहिल्या भेटीत फक्त माहिती विचारली जाते, त्यामुळे बाहेर पडताना "काही उपयोग झाला नाही" असं वाटतं आणि निम्मे लोक दुसऱ्यांदा जातच नाहीत. तीन-चार सत्रं दिल्याशिवाय मत बनवू नका. सूर जुळलाच नाही तर दुसरा समुपदेशक मागा, त्यात कुणाचा अपमान होत नाही. जाण्याआधी अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहून न्या: त्रास कधीपासून आहे, झोप किती तास, सर्वात वाईट वेळ दिवसातली कुठली, आणि याआधी काय उपाय केले.

"विभागात कळेल" ही भीती सर्वात मोठी असते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर किंवा कायद्याने मागितली तर अपवाद होतो. पहिल्याच भेटीत थेट विचारा: नोंद कुठे राहते, ती कोण पाहू शकतं? तरीही आवारात ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल तर बाहेर जा.

बाहेर म्हणजे कोल्हापुरात सर्वात स्वस्त आणि भरवशाची जागा सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथे मनोविकार विभाग आहे. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, म्हणून केसपेपरच्या रांगेत लवकर उभं राहा आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा. आधारकार्ड, थोडे सुटे पैसे, आधीचे अहवाल आणि पाण्याची बाटली सोबत हवी. गर्दीत डॉक्टरांना फार वेळ देता येत नाही, तेव्हा ते अर्ध्या पानाचं टिपण सरळ त्यांच्या हातात द्या. पुढच्या खेपेला जुना केसपेपर न विसरता न्या, नाहीतर सगळी कहाणी पहिल्यापासून.

औषध सुरू झालं तर इथे लोक चुकतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, डोकेदुखी असा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो. म्हणजे आधी त्रास आणि मग आराम. हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून माणूस आठव्या दिवशी गोळी सोडतो. बरं वाटल्यावरही डॉक्टर सहसा सहा महिने किंवा जास्त चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना हळूहळू कमी करतात. मधेच तोडलं तर चक्कर, बेचैनी येते आणि दुखणं उलटतं. रूममेटची झोपेची गोळी तर अजिबात घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्यावर दारू घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो.

मध्यरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. भाषा निवडायचा पर्याय सुरुवातीलाच येतो, तेव्हा घाईत फोन कापू नका. लगेच फोन लागला नाही तर १-८००-८९१-४४१६ वर पुन्हा करा.

मित्र जगायला नको म्हणत असेल तर

"मला संपवावंसं वाटतं" असं कुणी म्हणालं, किंवा अचानक वस्तू वाटायला लागला, सगळ्यांना निरोपाचे मेसेज पाठवायला लागला, तर सरळ शब्दांत विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, खोलीतली औषधं आणि इजा करता येईल अशा वस्तू बाजूला काढा, १४४१६ लावा. धोका आत्ताचा असेल तर १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि सीपीआरच्या अपघात विभागात न्या. तो रात्रीही चालू असतो. वसतिगृहात असाल तर अधीक्षकांना कळवा. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली असेल तर ती मोडा.

पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या त्याच कायद्यातलं कलम ११५ सांगतं की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, आणि वेगळं सिद्ध झालं नाही तर तिच्यावर खटला भरायचा नाही.

गाईडशी बिनसलं तर

पीएच.डी.तल्या ताणाचं खरं मूळ बऱ्याचदा इथेच असतं, आणि समुपदेशकाकडे त्यावर औषध नाही. ७ नोव्हेंबर २०२२ नंतर नोंदणी झालेल्यांना यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएच.डी. नियम लागू आहेत. त्यातली चार कलमं तोंडपाठ असावीत.

कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यापुढे पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिला तसंच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याहून दोन जास्त. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी विद्यार्थिनीला पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. लग्न किंवा अन्य कारणाने विद्यार्थिनीचं गाव बदललं तर तिला संशोधनाची माहिती दुसऱ्या विद्यापीठात नेता येते, फक्त ते काम निधी मिळालेल्या प्रकल्पातलं नसावं आणि आधीच्या संस्थेला, गाईडला श्रेय द्यावं. चौथं कलम सर्वात कामाचं: दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते, आणि समितीच्या शिफारशीची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

ही प्रत मागत चला. लोक मागत नाहीत, कारण बैठक चहा-बिस्किटात उरकते आणि सगळं छान आहे असं वाटतं. तीन वर्षांनी "काम समाधानकारक नव्हतं" असं कुणी म्हटलं तर हातात काय असतं? गाईडना भेटलात की त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल करा: "सर, आज ठरल्याप्रमाणे दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा १५ तारखेपर्यंत देतो, आपण तो महिन्याअखेर पाहणार आहात." भाषा नम्र, तारीख स्पष्ट. आरोप नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंगठ्याला पुढे कुणी विचारत नाही.

गाईड मसुदा महिनोन्‌महिने पाहत नसतील तर आधी त्यांनाच लेखी आठवण द्या, मग समितीच्या बैठकीत विषय काढा, मग विभागप्रमुख. गाईडबदलाचा अर्ज हे शेवटचं पाऊल. त्या अर्जात स्वभावाबद्दल लिहायचं नाही. विषयातला बदल, गाईडची निवृत्ती किंवा बदली, किंवा तारखांनिशी न झालेलं मार्गदर्शन एवढंच. नवा गाईड तोंडी तयार झाल्यानंतरच अर्ज द्यावा. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा असते, तेव्हा जागा आहे का ते आधी विचारा. घरची भाजी, मुलांची शाळा अशी कामं सांगितली जात असतील तर ती मार्गदर्शनात बसत नाहीत. अशा प्रत्येक वेळची तारीख टिपून ठेवा.

लेखी तक्रार कशी द्यायची

शुल्क परत न मिळणं, मूळ कागदपत्रं अडकवणं, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे न पाठवणं, निकाल रखडणं अशा गोष्टींसाठी यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तक्रार मिळाल्यावर समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या विद्यार्थी लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांच्यासाठी मुदत ३० दिवसांची आहे. फक्त गुण कमी पडले म्हणून पेपर पुन्हा तपासा, एवढ्यासाठी लोकपालांकडे जाऊन उपयोग नाही. ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

तक्रार एका पानाची असावी. पहिल्या परिच्छेदात तुमचं नाव, विभाग, नोंदणी क्रमांक. दुसऱ्यात घटना, तारखेच्या क्रमाने, विशेषणं न वापरता. तिसऱ्यात मागणी: "माझी मूळ गुणपत्रिका सात दिवसांत परत मिळावी." ही तिसरी ओळ राहून जाते आणि तक्रार हवेत विरते. समितीला तुमचा संताप कळतो, पण करायचं काय ते कळत नाही. पुरावे "सोबत १, २, ३" असे क्रमांक घालून जोडा.

दोन प्रती घेऊन आवक-जावक कक्षात जा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला कागद दिलाच नाही असं समजा. ऑनलाईन तक्रार केली तर पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारा: "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो कुणाकडे किती दिवस होता?" उत्तराची मुदत ३० दिवस आहे. बऱ्याचदा हा अर्ज पोचल्यावर मूळ कामच होऊन जातं.

वकील लागेल अशी वेळ आली तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नसताना मोफत वकील मिळतो.

लैंगिक छळाची तक्रार

ही तक्रार वरच्या समितीकडे जात नाही, अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसं समितीवर असू शकत नाहीत. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात विद्यार्थी सदस्यही असतात. तक्रारदार स्वतः लिहिण्याच्या स्थितीत नसेल तर मैत्रीण, नातेवाईक किंवा मानसशास्त्रज्ञसुद्धा तक्रार देऊ शकतात.

ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच तुमच्या प्रबंधावर सही करणार, या भीतीनेच बऱ्याच जणी गप्प बसतात. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत याला उत्तर आहे: चौकशी चालू असताना त्या व्यक्तीला तुमच्या कामाचं, परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून रोखण्याची मागणी करता येते. ही मागणी तक्रारीतच लिहा, वेगळ्या अर्जाची वाट बघू नका. मेसेज पुसू नका, त्यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घरच्या कुणालातरी पाठवून ठेवा. क्षेत्रभेट किंवा परिषदेला गेल्यावर घडलेली गोष्टही यात येते.

रॅगिंगची तक्रार चोवीस तास १८००-१८०-५५२२ वर.

पैसे

ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, तिथे आज मुलं अडतात ती बँक खात्यावर. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती मंजूर दिसते पण जमा होत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार खात्याला जोडलेलं असतं पण थेट लाभासाठी सीड केलेलं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद केलेलं नसतं. किंवा दुसऱ्याच बँकेत सीड असतं, जिथलं खातं दहावीत उघडून बंद पडलंय. बँकेत "आधार लिंक आहे का" असं विचारू नका, "एनपीसीआय मॅपिंग कुठल्या खात्याला आहे" असं विचारा, म्हणजे आधारवरचे पैसे कुठल्या बँकेत वळतात ते कळतं. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून तहसीलची गर्दी होण्याआधी काढा.

पीएच.डी.साठी बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी आणि महाज्योती इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी फेलोशिप देते. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरात आहे. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, आणि सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तास घेत असाल तर ते लपवू नका, नंतर वसुली निघते. यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये आहे. ती अडकली की आधी विद्यापीठाकडून त्या महिन्याची पुष्टी गेली का ते पाहा, दिल्लीला ईमेल नंतर. वसतिगृहात राहत नसाल तर घरभाडे भत्त्याचा दावा करा.

महिन्याचा खर्चच भागत नसेल तर विद्यार्थी विकास विभागात कमवा व शिका योजनेची चौकशी करा. काम तासांवर असतं, पण जागा मर्यादित, म्हणून सत्र सुरू होतानाच अर्ज द्या. खानावळ परवडत नाही म्हणून एक वेळ उपाशी राहणं हा उपाय नव्हे. डब्यासोबत ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तर सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि पेठांमधल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध खोलीवर आणून उकळून प्यायलं तर आणखी थोडी भर पडते.

दिव्यांग विद्यार्थ्यांनी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्ड काढून समान संधी केंद्रात नोंद करावी. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता आणि मानसिक आजारही येतात. परीक्षेत पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबर द्यायचा, हॉल तिकीट आल्यावर नाही.

जुलै-ऑगस्ट

कोल्हापूरचा पावसाळा या सगळ्यात वेगळी भर घालतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि शहर तुटलं. २०२१ च्या जुलैतही पूर आला. कायमची औषधं घेणाऱ्यांनी, आणि त्यात मनोविकाराची, फिट्सची, थायरॉईडची, मधुमेहाची सगळी आली, जून संपण्याआधी किमान पंधरा दिवसांचा जादा साठा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवावा. प्रबंधाची एक प्रत ऑनलाईन आणि एक गावाकडच्या संगणकावर असू द्या. सखल भागात, नदीच्या बाजूला खोली असेल तर पाणी वाढायच्या आधीच विद्यानगरकडच्या मित्राकडे सामान हलवा. सादरीकरणाची तारीख त्या दिवसांत असेल तर गाईडना आणि विभागाला पूर यायच्या आधीच ईमेल करून पर्यायी तारीख मागून ठेवा.